कोणीही न राहिलेलं घर

घर रिकामं झालं की मी आत शिरते. माझं कामच ते आहे. भाडेकरू सामान हलवतो, किल्ली आमच्या कंपनीत जमा करतो, आणि मग घर दिलं होतं तसंच परत मिळालंय का हे बघायला मला पाठवतात. नळ, बटणं, पंखे, भिंतीतल्या खिळ्यांची भोकं. एका हातात यादी, दुसऱ्यात टॉर्च आणि दोन्ही हातांवर रबरी हातमोज्यांचे दोन-दोन थर. एक थर पुरत नाही.

लोक घाणेरडे असतात. हे मी रागाने सांगत नाहीये, तेरा वर्षं बघत आलेय म्हणून सांगतेय. पलंगाशेजारच्या भिंतीवर, पडल्या पडल्या हात पोचेल तेवढ्या उंचीवर, शेंबूड पुसलेला असतो. तो मी वकिलाच्या घरात पाहिलाय आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या घरातही. फ्रिजच्या दाराच्या रबरात काळा चिकट थर असतो, त्यात मुंग्या रुतून मेलेल्या असतात. सोफ्याच्या फटीत नखं. घराचा प्रकार बदलला की फक्त घाणीचा प्रकार बदलतो. बैठ्या घरात ओल चढते आणि तिच्याबरोबर बुरशीचा आंबूस वास. एकाला एक चिकटलेल्या घरांत शेजाऱ्यांची झुरळं पाहुणचाराला येतात. उंच इमारतीत दहा मजल्यांची आंघोळ एकाच पाइपातून उतरते आणि खालच्याच्या मोरीत ढेकर देते. वसतिगृहांबद्दल तर मी जेवणाआधी बोलतच नाही. ऑफिसात मला ‘नाक’ म्हणतात. ‘नाक आलं का?’ असं मॅनेजर सरळ विचारतात. मी मनावर घेत नाही.

या कामात भांडणं फार. घाण आमची नाहीच, आधीच्या भाडेकरूची, असं प्रत्येकजण म्हणतो. त्यावर माझी एक युक्ती आहे. मोरीच्या जाळीतला केसांचा गोळा मी चिमट्यात धरते आणि वाद घालणाऱ्याच्या नाकासमोर नेते. ज्याचा नसेल तो मागे सरतो, तोंड फिरवतो. ज्याचा असेल तो जागचा हलत नाही. एका बाईंनी तर “एवढंच ना, द्या इकडे,” म्हणत तो बोटांनी उचलला आणि मग स्वतःच गप्प झाल्या. आपल्या घाणीची आपल्याला किळस येत नाही. ही युक्ती कधी फसलेली नाही.

आम्ही स्वतः भाड्याच्याच घरात राहत होतो. लग्नानंतरचं ते पाचवं. प्रत्येक वेळी सामान आणण्याआधी मी तीन दिवस घर घासून काढायचे. तरी आंघोळ करताना पायाखालच्या जाळीतून आजवर कोणाकोणाचं काय काय वाहून गेलं असेल, हे डोक्यातून जायचं नाही. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून देतो. त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

“अगं, भाड्याचं घर म्हणजे डोक्याला ताप नाही,” तो म्हणायचा. “छत गळलं, मालकाला फोन. शेजारी वाईट निघाले, चंबूगबाळं आवरलं आणि चाललो. विकत घेतलं की आयुष्यभर त्याची उस्तवार आपल्याच गळ्यात.”

“मला असं घर हवंय, ज्यात आपल्याआधी कोणी शिंकलंसुद्धा नसेल.”

“मग तंबू घेऊ या.”

आमची मुलगी सात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालताना एक हात भिंतीवर घासत जायची तिला खोड. त्या हाताला कधी संत्र्याचा रस, कधी खडू, कधी नाकातलं काहीबाही. भिंतीवर लांबलचक पट्टे उमटायचे, मालक कुरकुरायचे, मी पुसायचे. तिची मात्र मला कधी घाण वाटली नाही. अंगावर ओकली तरी नाही.

मग मालकांनी दोन महिन्यांत घर रिकामं करायला सांगितलं, त्यांच्या मुलाला ते हवं होतं. सहावं घर भाड्याने शोधायचं की एकदाचं स्वतःचं घ्यायचं, यावर आमच्याकडे आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी मी नवऱ्याला एका नव्या इमारतीत ओढून नेलं. सहावा मजला. विक्री कार्यालयातल्या टायवाल्याने दार उघडलं. हॉल, स्वयंपाकघर, हॉलला लागून मोठी खोली, आणि हॉलमधून आत जाणारा एक अरुंद पॅसेज. पॅसेजच्या टोकाला लहान खोली. बटणांवर अजून प्लॅस्टिकची झिल्ली होती. मोरीच्या जाळीवर कारखान्याचं लेबल होतं. मी गुडघे टेकून जाळीशी नाक नेलं. सिमेंट आणि रबर, दुसरा कसलाही वास नाही. मला रडू आलं. टायवाला बिचारा बावरून गेला.

“बाईसाहेबांना आवडलंय,” नवरा म्हणाला. त्याने हात टेकले होते.

आम्ही आगाऊ रक्कम भरली. खरेदीखत तीन आठवड्यांनी ठरलं. मी या धंद्यातली आहे म्हटल्यावर राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी मीच करावी असं ठरलं, आणि टायवाल्याने एक किल्ली माझ्याकडे दिली.

आठ दिवसांनी मी दुपारच्या सुट्टीत तिथे गेले. हॉलमध्ये पाऊल टाकताच मला भिंतीवरचा डाग दिसला. खिडकीजवळ, जमिनीवर टेकून बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे, बशीएवढा तेलकट पिवळा गोल. कडा मऊ, मध्यभागी गडद. असे डाग मी शेकड्यांनी पाहिलेत. रोज एकाच जागी टेकून बसलं तर एवढा डाग पडायला पाच-सहा वर्षं लागतात. मी यादीत लिहिलं: कामगारांनी भिंतीला डोकी टेकली आहेत, पुन्हा रंग द्यावा. लिहिताना रागाने पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. माझ्या कोऱ्या घरात या लोकांनी लोळण घेतली होती.

मोरीच्या जाळीवरचं लेबल गेलं होतं. जाळी उचलली तर खाली केस होते. लांब, ओले, साबणाच्या पांढऱ्या चिकटाने एकमेकांना धरलेले, मुठीएवढे. टोकांना तांबूस, मुळांकडे करडे. मी ते ओढून बाहेर काढले, पाणी निथळू दिलं, उजेडात नेऊन नीट बघितले. एका बाजूला गुंता सोडवलासुद्धा. मग माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

मी हातमोजे घातलेच नव्हते.

गोळा उघड्या तळहातावर होता, बोटांमधून गिळगिळीत पाणी मनगटाकडे ओघळत होतं, आणि मला काहीसुद्धा वाटत नव्हतं. नाक मेलं की काय, असं मी मनाशी म्हणाले. पण त्याच संध्याकाळी एका भाडेकरूच्या ओट्याखालचा डबा उघडताना मला ओकारी आली, जिन्यात जाऊन बसावं लागलं. नाक शाबूत होतं.

केस मी कागदात गुंडाळून आणले होते, टायवाल्याला पुरावा म्हणून दाखवायला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर पुडी उघडली तर तो खुर्चीसकट मागे सरकला. रुमाल नाकाला लावून म्हणाला, “मॅडम, प्लीज! फेका ते. कामगार सगळे पुरुष आहेत आमचे, आणि घर तर बंद आहे. दुसरी किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते.”

पुडी मी परत घरी आणली. संध्याकाळी नवऱ्याने ती उघडली.

“हे काय जपून ठेवलंस?”

“कोणाचे वाटतात?”

“तुझेच की. दुसऱ्या कोणाचे असणार?” असं म्हणून त्याने ते सहज उचलले आणि कचऱ्यात टाकले.

मी आरशासमोर गेले. मी केस रंगवते, दोन महिने झाले की मुळांकडून करडे दिसू लागतात. असे केस गावभर बायकांचे असतात. मी स्वतःला तेच सांगितलं. घर हातचं घालवायची माझी तयारी नव्हती. एवढ्या वर्षांनी मिळत होतं, आणि खरेदीखताला बारा दिवस उरले होते.

त्यातल्या पाचव्या दिवशी मी पुन्हा गेले. या खेपेला हातमोजे दारातच चढवले. डोक्याचा डाग आणखी गडद झाला होता, आणि त्यावरून एक ओघळ खाली आला होता. मी तिकडे कानाडोळा केला आणि पॅसेजमध्ये गेले. तिथे खिडकी नाही, म्हणून टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला. तिरप्या उजेडात भिंत काहीच लपवत नाही.

पट्टे होते. चार-चार बोटांचे, लांबलचक, एकमेकांवर चढलेले, इतके की मधला रंग जिभेवरच्या थरासारखा करडा झाला होता. काही ठिकाणी चिकट, काही ठिकाणी वाळून खपली धरलेले. एका पट्ट्यात संत्र्याचा धागा अडकला होता. मी टेप काढला. जमिनीपासून नव्वद सेंटिमीटर.

मी एक हातमोजा काढला, बोटाला थुंकी लावली आणि त्यातला एक डाग पुसायला गेले. आपल्या मुलाचं तोंड पुसतो तसं. परक्या घरात मी थुंकीने काही पुसणं म्हणजे आक्रीतच. बोट भिंतीवर तसंच राहिलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी ड्रिल चालवत होतं, त्याची थरथर बोटात येत होती.

खरं सांगायचं तर त्या घाणीवर मला माया आली.

घरी येऊन मी आमच्या भिंतीवरच्या भिंगरीच्या पट्ट्यांची उंची मोजली. नव्वद.

आणि आणखी एक गोष्ट मला कळत होती, ती नसती कळली तर बरं झालं असतं. हात जिथे टेकतो तिथे डाग जाड असतो, पुढे जाता जाता पुसट होतो. त्यावरून मूल कुठून कुठे गेलं ते सांगता येतं. मुलं असलेल्या घरात दोन्ही तऱ्हेचे पट्टे असतात, कारण मुलं जातात आणि येतात. त्या पॅसेजमधले सगळेच्या सगळे हॉलकडे जाड होते आणि आतल्या खोलीकडे पुसट. मी दोन्ही भिंती वितीवितीने पाहिल्या होत्या. बाहेर येणारा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, “ते घर नको.”

“आता?” त्याच्या हातातला कप तसाच राहिला. “अगं, गेले पंधरा दिवस मी पडद्यांचे रंग बघतोय! तुझ्यापायी मला एकदाचं पटलं, आणि आता तू—”

“तिथे घाण आहे.”

“नव्या घरात कसली घाण?”

“आपली,” मी म्हणाले. तो हसला. आपण भाड्यानेच राहू, जन्मभर राहू, कोणाच्याही मोरीत आंघोळ करीन, असं काहीतरी मी बोलून गेले. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुपारी साडेतीनला त्याचा मेसेज आला. ‘भिंगरीला शाळेतून घेतलं. आम्ही घरी पोचलोय, तू पण ये. तिला बघून तुझा विचार बदलेल.’

मी आधी आमच्या घरी फोन करणार होते. मग ‘घरी’ म्हणजे कुठे ते लक्षात आलं.

तिथे पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. नवरा आणि टायवाला खिडकीशी उभे राहून पार्किंगच्या जागेबद्दल बोलत होते.

“भिंगरी कुठंय?”

“आतली खोली बघायला गेली,” नवरा म्हणाला. “तिचीच ना ती.”

पॅसेजच्या भिंतीवर एक ताजा पट्टा होता. ओला. संत्र्याचा वास येत होता. हॉलकडे जाड, आत पुसट होत गेलेला.

मी हाक मारली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कपाट नव्हतं, गॅलरी नव्हती, लपायला काही नव्हतं, हे मला माहीत होतं. मी पुन्हा हाक मारली. माझाच आवाज परत आला.

मग दार आतून उघडलं.

ती बाहेर आली. पॅसेजच्या बरोबर मधून, दोन्ही हात पोटाशी धरून, कशालाही न शिवता.

“चल ना आई,” ती म्हणाली. “घरी जाऊ.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिचं दप्तर धरलं आणि तिला तशीच ओढत लिफ्टपर्यंत नेलं. मागून नवरा ओरडत होता, टायवाला त्याला समजावत होता. मी वळून पाहिलं नाही.

आम्ही आगाऊ रकमेवर पाणी सोडलं. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. नंतर दोन गल्ल्या पलीकडे एक जुनं घर भाड्याने मिळालं, आधीच्या लोकांच्या तेलकटाने ओटा पिवळा पडलेला, मोरीत चार घरांचे केस. मी तीन दिवस ओकत ओकत ते घासलं. आमच्या हातून काय टळलं ते एकट्या मलाच माहीत होतं, आणि त्या ओकाऱ्यांतही मला बरं वाटत होतं.

भिंगरी सुधारली. भिंतीला हात लावेनाशी झाली. वह्या नीट ठेवू लागली, पानातलं सगळं संपवू लागली. आंघोळीला मला आत येऊ देईना, केस स्वतः विंचरू लागली. रस्त्यात माझा हातही धरेना. “शहाणी झाली गं पोरगी,” नवरा म्हणायचा, आणि मीही तसंच धरून चालले होते. आमच्या नव्या भिंतींवर एकही डाग नव्हता.

सहा महिन्यांनी, शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभी असताना टायवाल्याचा फोन आला.

“मॅडम, रागावू नका, पण डाग काढण्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. ते तुम्ही सोडलेलं घर आहे ना, त्याच्या नव्या मालकीणबाई रोज फोन करतात. पॅसेजमध्ये हातांचे डाग येतात म्हणे, लहान मुलाच्या. त्यांना तर मूलबाळ नाही. तीनदा रंग दिला आम्ही.”

“सुरू कुठून होतात?” मी विचारलं. “जाड कुठे आहेत?”

“जाड? थांबा, फोटो आहे माझ्याकडे.” तो थोडा वेळ बघत होता. “आतल्या खोलीशी जाड आहेत. तिथून बाहेर येतात, हॉलमधून मुख्य दारापर्यंत. दारावर तर दोन्ही पंजे आहेत, आतल्या बाजूने, खूप सारे. बाई रोज पुसतात. इतकी शिसारी येते म्हणाल्या की जेवण जात नाही.”

घंटा झाली. फाटक उघडलं. मुलं एकमेकांना ढकलत बाहेर पडू लागली. त्या गर्दीतून ती सरळ रेषेत चालत आली, कोणाचाही धक्का न लागू देता. दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यावर, मोजे वरपर्यंत ओढलेले.

“कोणाचा फोन?” तिने विचारलं.

“कामाचा.”

ती माझ्या शेजारी उभी राहिली. आणि त्या घरातून आल्यापासून पहिल्यांदाच तिने आपला हात माझ्या हातात दिला.

हात कोमट होता. जरा ओलसर. बोटांच्या बेचक्यांत मऊ मळ होता.

घशाशी आंबट पाणी आलं. मला तिची किळस आली, वसतिगृहाच्या मोरीची येते तशी, आणि काही केल्या ती आवरेना.

मी हात सोडवून घ्यायला गेले. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि हात आणखी घट्ट धरला.